तीन फेरीबोटी, एक दिवस : सर्वणहून पणजीची सहल

डिचोली : दोडामार्गाकडून उतरलं किंवा बेळगावहून चोर्ला घाटाने आलं, तरी पणजीला जाताना डिचोली तालुका लागतोच. बहुतेक पाहुणे हा भाग गाडीच्या काचेतूनच बघतात. पण कारापूर-सर्वण परिसरात मुक्काम असेल, तर राजधानी आणि तिच्या आसपासचा भाग एका दिवसात, नदीच्या वाटेने बघता येतो.

सकाळ : नार्वे आणि दिवाडी

पहिला थांबा नार्व्याचं श्री सप्तकोटेश्वर देवस्थान. कदंब राजांचं हे कुलदैवत मूळचं पलीकडच्या दिवाडी बेटावरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत तिथलं देऊळ पाडलं गेलं आणि भाविकांनी देव नदीपार आणला. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये इथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला; तो शिलालेख दारावर आहे. अलीकडच्या डागडुजीनंतर 2023 मध्ये मंदिर पुन्हा खुलं झालं.

देवळातून निघून नार्वे-दिवाडी फेरी धरायची. देव ज्या वाटेने आला, त्याच वाटेने उलटं जायचं. पलीकडे कोटितीर्थाचं जुनं तळं आहे. गाईडने ही गोष्ट बोटीत चढण्याआधी सांगितली, तर पुढचा दिवस नीट उलगडतो. नाहीतर मंदिर वेगळं, चर्च वेगळं, असंच डोक्यात राहतं.

दुपार : जुने गोवे

दिवाडीहून दुसरी फेरी जुने गोव्याला लागते. बॉम जेझुस बासिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत; समोरच से कॅथेड्रल. इथल्या चर्चना 1986 मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

रायबंदरहून पणजीत शिरणारा लांबलचक बांध सतराव्या शतकातला. साथीच्या रोगांनी जुनं शहर ओस पडत गेलं आणि 1843 मध्ये पणजी राजधानी झाली. पणजी चर्चची मोठी घंटासुद्धा जुने गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची.

संध्याकाळ : पणजी, मिरामार

पणजीत गाडी एका ठिकाणी लावून पायी फिरलेलं बरं. मांडवीकाठचा आदिलशहाचा राजवाडा, 1818 चं महालक्ष्मी मंदिर, फोंतेन्यासच्या रंगीत गल्ल्या हे सगळं चालत होतं. फोंतेन्यासमध्ये लोक राहतात. दारात, ओट्यावर चढून फोटो काढू नयेत. मग मिरामारला पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आणि मांडवीच्या मुखावरचा सूर्यास्त.

परत येताना तिसरी फेरी : रायबंदर ते चोडण. काठावरच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पण ते सकाळचं काम. ते बघायचं तर दुसरा दिवस ठेवा. चोडणहून मये, डिचोली करत सर्वण गाठता येतं.

हे लक्षात ठेवा

• गाईड पर्यटन खात्याकडे नोंद असलेला घ्या. मराठीतून सांगणारा हवा असेल तर आधीच विचारा. दर आणि थांबे निघण्यापूर्वी ठरवा.
• सुट्टीच्या दिवशी फेरीवर चारचाकींची रांग लागते. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून घ्या.
• पावसाळ्यात वारा-पाऊस वाढला की फेरी थांबू शकते. अशा वेळी पुलावरून जाणारा रस्ता धरा.
• दिवाडी, चोडण ही राहती गावं आहेत. तिथे फेरी हाच शाळेचा, बाजाराचा, दवाखान्याचा रस्ता. पर्यटकांच्या गाड्यांनी तो अडू नये.

दोनापावल, आग्वाद किल्ला याच दिवशी कोंबू नका.