युद्धानं अडवलेली मतपेटी

नांदेड-लातूरच्या साध्या शेतकऱ्यानं आमदार निवडायला पेटीत मत टाकलं ते थेट 1952 साली. या पेटीची कुळकथा मात्र निजामाच्या दरबारात सुरू होते आणि मधेच दुसऱ्या महायुद्धात अडकते.

मराठवाडा ज्यात होता, त्या हैदराबाद संस्थानात कायदेमंडळ 1893 पासून होतं, पण भरणा नेमलेल्यांचा. 1937 मध्ये सुधारणा सुचवायला अरवमुद अय्यंगार समिती बसली, जुलै 1939 मध्ये राजकीय सुधारणा जाहीर झाल्या. सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटलं आणि सुधारणा बासनात गेल्या. त्या बाहेर निघाल्या युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये. तेव्हाच्या निवडणुकीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसनं बहिष्कार टाकला.

मला विचाराल तर हा खोळंबा मराठवाड्याच्या पथ्यावरच पडला. सुधारणांच्या त्या योजनेत प्रतिनिधी गावाचा किंवा तालुक्याचा नव्हता, धंद्याचा होता. जहागीरदार, पट्टेदार, कूळ, मजूर, व्यापारी, वकील, डॉक्टर, पदवीधर, ज्याचा त्याचा खाना वेगळा. लातूरच्या गंजातला अडत्या एका खान्यात, त्याचीच पोती उचलणारा हमाल दुसऱ्यात. आणि सालगड्याच्या बायकोला कुठं बसवणार होते, देव जाणे!

सप्टेंबर 1948 मध्ये भारत सरकारची पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं आणि हे खाने मोडले. 1952 ची पेटी आली ती एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी. मतदान केंद्रात पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं, जसं काँग्रेसची बैलजोडी. मतपत्रिका रुपयाच्या नोटेएवढी, नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेली. तिच्यावर ना नाव, ना चिन्ह. खूण करायचीच नव्हती. आपल्या माणसाच्या पेटीत कागद सोडला की झालं. अंगठेबहाद्दरालाही कुणाला विचारावं लागू नये, म्हणून ही सोय. देशात काही ठिकाणी लोकांनी या पेट्यांची पूजाही केली, हे ऐकून हसू येतं खरं, पण देवापुढं आणि पेटीपुढं रांगेत उभं राहण्याची सवय एकच होती.

हैदराबाद विधानसभेच्या 175 जागांपैकी काँग्रेसला 93 मिळाल्या. बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, नांदेडकडचे दिगंबरराव बिंदू गृहमंत्री. उमेदवारागणिक पेटी मात्र फार टिकली नाही. साठीच्या दशकात सगळ्यांना मिळून एकच पेटी आली आणि मतदाराच्या हाती शिक्का आला.