जंगलाच्या हवेचा हिशेब : प्रस्तावना

पाइनच्या बनातला गंध ज्या मोनोटर्पीन वायूंचा असतो, ते तिथल्या हवेत अब्ज रेणूंमागे जेमतेम एखादा एवढेच असतात. इतक्या अल्पांश वायूंसाठी वेगळी अभ्यासशाखा कशाला, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण झाडांनी सोडलेले हे वायू हवेत स्वस्थ राहत नाहीत. ओझोन आणि हायड्रॉक्सिल मूलक त्यांच्यावर तुटून पडतात. त्यातून सूक्ष्म कण घडतात आणि त्यांतल्या काहींवर पुढे ढगांचे थेंब धरतात. जंगलांवर दिसणाऱ्या निळसर धुक्याचे मूळ झाडांच्या बाष्पात असावे, हे फ्रिट्स वेंट यांनी 1960 मध्येच सुचवले होते.

मोजायचे ते मोजण्याआधीच संपते, ही इथली खरी अडचण. हायड्रॉक्सिल मूलक सेकंदभरही टिकत नाही. काही सेस्क्विटर्पीन वायूंना ओझोन मिनिटा-दोन मिनिटांत संपवतो आणि उरलेले हवा उपकरणापर्यंत नेणाऱ्या नळीच्या भिंतींना चिकटतात. म्हणून नळी टेफ्लॉनची, थोडी गरम आणि आतला प्रवाह वेगवान ठेवतात. शोधनिबंधातला नळीविषयीचा परिच्छेद वाचकांनी कधीही वगळू नये. माझ्या मते निबंधाची विश्वासार्हता तिथेच कळते.

इन्सब्रुकमध्ये वेर्नर लिंडिंगर यांच्या गटाने 1990 च्या दशकात विकसित केलेल्या उपकरणात प्रोटॉन मिळालेला पाण्याचा रेणू तो प्रोटॉन टर्पीनला देतो. नायट्रोजन-ऑक्सिजनला मात्र देत नाही. त्यामुळे हवा जशी येते तशीच, क्षणोक्षणी तपासता येते. मात्र सगळ्या मोनोटर्पीनचे वस्तुमान एकच असल्याने ती वेगळी ओळखायला संथ गतीचे गॅस क्रोमॅटोग्राफ लागतेच.

एवढे करूनही हिशेब जुळला नाही. 2004 मध्ये मिशिगनच्या जंगलातून अहवाल आला : ओळखलेले सारे वायू धरूनही हायड्रॉक्सिल मूलक हिशेबापेक्षा जलद खर्च होत होता आणि ही तफावत उष्णतेबरोबर वाढत होती. म्हणजे झाडे आणखी काही सोडत असावीत. मग एकेक वायू मोजण्याऐवजी हवेची एकूण भूकच, म्हणजे ती मूलक किती वेगाने संपवते तेच, मोजण्याच्या पद्धती महत्त्वाच्या ठरल्या. त्यांपैकी एक विनायक सिन्हा यांनी माइन्झमधल्या सहकाऱ्यांसह 2008 मध्ये मांडली. तीत हवेत पायरोल आणि मूलक सोडतात. हवेने जितके जास्त मूलक खाल्ले, तितके पायरोल जास्त उरते. फिनलंडमधल्या ह्युट्याला केंद्रातील पाइनच्या जंगलातही ही पद्धत वापरली गेली.

तुम्ही या विषयात नवे असाल, तर समीकरणांना बिचकू नका. आधी दिवस-रात्रीचे आलेख पाहा. आयसोप्रीन हा झाडांचा आणखी एक वायू उजेडात सुटतो. पाइनमधली मोनोटर्पीन राळेच्या साठ्यातून रात्रीही झिरपतात. रात्री उत्सर्जन कमी होऊनही हवेतले त्यांचे प्रमाण पुष्कळदा वाढलेले दिसेल. तेव्हा गोंधळू नका : जमिनीलगतची हवा वरच्या हवेत मिसळत नाही आणि सूर्य नसल्याने मूलकही फारसा तयार होत नाही.