‘मराठवाडा’: दिलेले आणि राहून गेलेले हिशेब

१९३०च्या दशकाच्या अखेरीस आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. हैदराबादच्या निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी दुसऱ्या नावाने अंक काढला. त्यावरही बंदी आली की तिसरे नाव. सरकार नावे बंद करीत राहिले, मजकूर तोच राहिला.

पुढे पत्राची धुरा अनंत भालेरावांकडे आली. हा माणूस नुसता लेखणीवाला नव्हता. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात ते लढ्याच्या उमरखेड कॅम्पात होते. उमरखेड पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. अर्धापूरजवळच्या बारडचे साहेबराव बारडकरही त्याच कॅम्पातले. ३० जानेवारी १९४८ ला कॅम्पच्या लोकांनी लढ्यासाठी उमरीची बँक लुटली. लाखोंची रक्कम हाती आली आणि तिचा चोख हिशेब ठेवला गेला. आपल्याकडे हे अजून अभिमानाने सांगतात, आणि सांगावेच.

मात्र त्याच वर्षाचा दुसरा हिशेब फारसे कुणी सांगत नाही. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी हैदराबादेत ठार केले, कारण ते उर्दूतून संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाची बाजू मांडत. हे आपल्याला पाठ आहे. पण सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारतीय लष्कर संस्थानात शिरले, आणि रझाकारांचा सूड साध्या मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर नांदेडही होते. तो अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. आपली हिंसा ‘प्रतिक्रिया’ आणि दुसऱ्याची ‘अत्याचार’, ही सवय आपल्या पत्रांना तेव्हापासूनची आहे, असे मला वाटते.

‘मराठवाडा’ १९६८ मध्ये दैनिक झाले. आणीबाणीत भालेराव तुरुंगात गेले. सत्तेपुढे हे पत्र वाकले नाही. खरी कसोटी लागली ती स्वतःच्या वाचकांपुढे.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. भालेरावांचा नामांतराला विरोध होता. तो त्यांचा हक्क. पण घरे जळत असताना पत्राच्या भूमिकेने दंगलखोरांना बळ मिळाले, हा दलित कार्यकर्त्यांचा आक्षेप होता. भालेरावांच्या त्यागाचे दाखले देऊन तो झटकता येत नाही. नामांतराशी सहमत नसलेल्या संपादकालाही जळालेल्या घराची बातमी ठळकच छापावी लागते.

पुढे ‘मराठवाडा’ बंद पडले. दबावाची तऱ्हाही बदलली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचे ‘अशोक पर्व’सारखे कौतुकाचे मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत छापून आले, काही तर शब्दशः तेच, लेखकाचे नाव तेवढे वेगळे! पत्रकार पी. साईनाथांनी हे उघडकीस आणले. चव्हाणांनी वृत्तपत्र जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखवला होता. पैसे देऊन बातम्या छापून आणल्याचा आरोप त्यांनी नाकारला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांचा खर्चाचा हिशेब सदोष ठरवला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. उमेदवाराच्या हिशेबाचा निकाल लागला. ते मजकूर छापणाऱ्या दैनिकांनी मात्र ते आपल्या पानांवर आले कसे, हे वाचकाला सांगितल्याचे माझ्या पाहण्यात नाही.