वर्तुळ म्हणजे व्याघात नव्हे

कालप्रवासाचा चित्रपट म्हटला की कथेत तर्काची भोके असायचीच, असे आता जाणते प्रेक्षकही सहज बोलून जातात. टीकाकार त्यावरून सगळा प्रकारच पोकळ ठरवतो. चाहता म्हणतो, डोके बाजूला ठेवा आणि मजा घ्या. मला दोघांचेही पटत नाही. भूतकाळात जाणे आले की विसंगती आलीच, हे दोघेही न तपासता धरून चालतात.

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात घेऊ. जेम्स कॅमेरॉनच्या ‘द टर्मिनेटर’मध्ये (१९८४) भविष्यातला जॉन कॉनर आपला सैनिक काइल रीस याला १९८४ सालात पाठवतो, आपली आई सारा हिच्या रक्षणासाठी. काइल आणि सारा यांचा मुलगा म्हणजेच जॉन. आक्षेप असा की जॉन नसता तर काइल आला नसता आणि काइल आला नसता तर जॉन जन्मला नसता. मग ‘पहिल्या वेळी’ जॉनचा बाप कोण?

खोट या प्रश्नातच आहे. ‘पहिली वेळ’ मानायची तर १९८४ हे साल निदान दोनदा घडले असे मानावे लागते, आणि चित्रपट तसे कुठेही म्हणत नाही. त्यात ते साल एकदाच घडते आणि काइल त्यात असतोच. शेवटचे दृश्य आठवा. पेट्रोलपंपावर एक पोरगा गाडीत बसलेल्या साराचा फोटो काढतो. हाच फोटो भविष्यातल्या खंदकात काइलपाशी असलेला आणि तिथे जळताना आपण आधीच पाहिलेला आहे. फोटोतली सारा त्या क्षणी काय विचार करत असेल, हे काइलला कायम कोडे होते. ती त्याचाच विचार करत होती. एवढी काटेकोर बांधणी करणाऱ्याला तर्क कळत नाही म्हणणे हा अन्याय आहे.

नैयायिक इथे अडवील: हा अन्योन्याश्रय, आणि तो दोषच. आक्षेप वजनदार आहे. पण उत्पत्तीतला अन्योन्याश्रय दोष ठरतो तो कारण नेहमी कार्याच्या आधी असते या नियमाच्या बळावर, आणि तो नियम सोडूनच ही कथा सुरू होते. गृहीतक अमान्य असेल तर खुशाल नाकारा. मान्य केल्यावर मात्र त्याचाच परिणाम चूक म्हणून दाखवता येणार नाही. या वर्तुळाचा उगम सांगता येत नाही, हे कबूल. पण उगम न सांगता येणे वेगळे आणि वदतोव्याघात वेगळा.

भूतकाळात जाऊन आपल्याच आजोबांना मारले तर आपण जन्मलो कसे, हे कोडेही असेच. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ च्या निबंधात ते सोडवले. त्यांच्या उदाहरणातला टिम आजोबांना मारायला १९२१ मध्ये जातो. आजोबा तर १९५७ मध्ये अंथरुणात वारलेले. हाती बंदूक आहे, नेम चांगला आहे, एवढेच पाहिले तर टिम त्यांना मारू शकतो. ते पुढे जगले हे तथ्यही हिशेबात धरले तर मारू शकत नाही. शक्यता कशाच्या संदर्भात मोजली ते दोन्हीकडे निराळे, म्हणून विरोध उरत नाही. टिमचा पाय घसरेल, नेम चुकेल; कारण साधेच असेल.

खरे दोष नाहीत असे नाही. ‘समव्हेअर इन टाइम’मध्ये (१९८०) वृद्ध नायिका १९७२ साली नायकाला एक घड्याळ देते; तो ते १९१२ मध्ये नेऊन तिच्यापाशीच सोडतो. म्हणजे साठ वर्षांची झीज सोसलेले घड्याळ त्या झिजेच्या आरंभीही तेच असले पाहिजे. हा उघड व्याघात आहे. ‘बॅक टू द फ्युचर’च्या दुसऱ्या भागात (१९८९) म्हातारा बिफ २०१५ मधून १९५५ मध्ये जातो, खेळांच्या निकालांचे पुस्तक तरुण बिफला देतो आणि पूर्वीच्याच २०१५ मध्ये परततो. पुढे डॉक ब्राउन फळ्यावर रेषा काढून सांगतो की बदललेल्या काळातून पुढे गेले तर बदललेलेच भविष्य भेटते. मग बिफला जुने २०१५ सापडले कसे? इथे चित्रपटाने स्वतःचाच नियम मोडला आहे.

म्हणून आरोप करणाऱ्याने आधी त्या चित्रपटाचा नियम सांगावा आणि तो कोणत्या दृश्यात मोडला ते दाखवावे. भविष्य बदलता येते ही भूमिका ‘टर्मिनेटर’च्या १९९१ च्या दुसऱ्या भागाने घेतली, तिचा जाब त्या भागाला विचारा. १९८४ चा चित्रपट या आरोपातून निर्दोष सुटतो.