आजोळची दुनळी आणि काडतुसाचा हिशेब

काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्या 'कार्तूशु'चे मूळ शोधत मागे गेलात तर हाती लागतो तो कागद, कागदाची गुंडाळी. 1857 साली ज्या काडतुसांवरून मेरठच्या छावणीत भडका उडाला तीही कागदाचीच होती. पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. शाळेत असताना मला मात्र कोडे पडायचे की शिपाई पितळेचे काडतूस दाताने फोडत तरी कसे असतील! कारण मी पाहिलेली काडतुसे पितळेची होती. सत्तरीतल्या माझ्या आजोळी, आजोबांच्या लाकडी पेटीत.

त्या पेटीत रिकामी काडतुसे, केपांची डबी, नमद्याची बुचे, शिशाचे छरे आणि लाकडी मुठीचे एक पितळी माप असे. आजोबा काडतुसे घरीच भरत. ती पेटी पुढे थोरल्या मामांकडे आली. मामांच्या डाव्या हाताला दोन बोटे नव्हती. मुक्तीनंतरच्या काळात काळी दारू मिळेना, तेव्हा त्यांनी कारखान्याची तयार काडतुसे कापून त्यातली दारू काढली आणि ती आजोबांच्या त्याच मापाने, त्याच खुणेपर्यंत भरून पितळेच्या काडतुसांत ठासली. पहिल्याच बाराला नळी फुटली. डावा हात नळीखाली होता.

घरात दोन बंदुका होत्या, त्यातली दुसरी उरली. गेल्या वर्षी तिचा परवाना मामेभावाच्या नावावर झाला आणि त्याने मला विचारले, "भाऊ, दुकानातली काडतुसे यात चालतील ना?" मी सरकारी कारकून. घरच्यांच्या मते सरकारी शिक्का ज्यावर असतो त्यातले सगळे मला कळते. बंदुकीवर शिक्के होतेच! म्हणून मग वाचायला बसलो.

काडतूस नळीच्या मागून भरायची युक्ती रुळवली ती पॅरिसच्या कासिमीर लफोशेने, 1830 च्या दशकात. त्याची बंदूक 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि दहा-पंधरा वर्षांत ठासणीच्या बंदुका श्रीमंतांच्या घरांतून मागे पडल्या. (आपल्याकडे त्या पुढे शंभर वर्षे टिकल्या, ते सोडा.) 1861 मध्ये लंडनच्या डॉ याने बुडाच्या मधोमध केप असलेले काडतूस बाजारात आणले. आजचे काडतूस त्याच घडणीचे. आता शिकाऱ्याला निवड करावी लागे. कवच कागदाचे की पितळेचे? विलायतेत कागदाचे स्वस्त पडे, पण पावसाळी हवेत ते फुगून नळीत जाईना. म्हणून वसाहतींत पितळ चाले, आणि ते पुन्हा पुन्हा भरताही येई. त्यातही गंमत अशी की पितळेचा पत्रा पातळ, आतली पोकळी मोठी, म्हणून बारा बोअरच्या पितळी काडतुसाला बुचे दहा-अकरा बोअरची लागत. आजोबांच्या पेटीतली बुचे नळीपेक्षा मोठी का, हे मला तेव्हा कुठे कळले.

खरा घोळ दारूने केला. काळी दारू मापाने भरत; तीन ड्रॅम, म्हणजे सुमारे 5.3 ग्रॅम, हे बारा बोअरचे ठरलेले प्रमाण. 1860 च्या दशकात शुल्ट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने लाकडापासून नायट्रो दारू केली. हिचा धूर कमी. लोकांच्या हातातली मापे बदलायला नकोत म्हणून ती मुद्दाम फुसफुशीत ठेवली होती. वजनाला निम्मी, पण माप तेच. इथपर्यंत ठीक. पण 1887 मध्ये नोबेलने बॅलिस्टाइट आणली आणि मागोमाग तसल्या दाट दारवा येत गेल्या. त्या चिमूटभर पुरत आणि तराजूवरच तोलाव्या लागत. जुने माप त्यांनी भरले तर काय होते ते आमच्या घरात चाळीस वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. आणि अमेरिकी काडतुसांच्या खोक्यांवर आजही 'अमुक ड्रॅमच्या बरोबरीचे' असे छापतात! आत तेवढी दारू नसते. ती बरोबरी वेगाची, वजनाची नव्हे.

मामांचे खापर मी मामांवर फोडत नाही. माप त्यांच्या वडिलांचे होते, खूण वडिलांची होती, आणि दोन्ही दारवा दिसायला दारूच.

आता नळीविषयी. आमच्या दुनळीची नळी दमास्कसची, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली; अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. अशा नळ्या कुचकामी, हे ठरीव मत काही खरे नाही. बर्मिंगहॅमला 1891 च्या सुमारास नळ्या फुटेपर्यंत चाचण्या झाल्या, तेव्हा पिळाच्या इंग्रजी नळीने व्हिटवर्थच्या नामांकित पोलादालाही मागे टाकले होते. पण ती झाली नवी नळी. शंभर पावसाळे खाल्लेल्या नळीच्या सांध्यांत आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. जुन्या केपांतले क्षार ओल ओढून घेत आणि नळी आतून गंजे. ते तेलाने जात नाहीत, पाण्यानेच विरघळतात. म्हणून तर शिकारीनंतर आजी चुलीवर पाणी तापवायची आणि आजोबा बंदुकीला आंघोळ घालायचे. आम्हा पोरांच्या आधी तिचा नंबर!

नळी उतरवून खालचे शिक्के पाहिले. अंडाकृती चौकटीत 'ईएलजी', म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या परीक्षागृहाचा. नायट्रो दारूची परीक्षा झाली असती तर 'पीव्ही' हा शिक्का असायला हवा होता. तो नाही. काळ्या दारूपुरताच दाखला मिळालेला.

आणखी एक पाचर लांबीची. जुन्या बंदुकांचे घर बहुधा अडीच इंची, 65 मिलिमीटरच्या काडतुसाचे. आजचे सर्रास 70 चे. पण तोंड दुमडलेले असल्याने ते आखूड भासते आणि जुन्या घरात अलगद बसते. अडचण बार उडताना होते. घडी उलगडते, तोंड पुढच्या अरुंद भागात शिरते, वाट आवळली जाते आणि दाब चढतो. अडले असते तर बरे झाले असते. बसते म्हणूनच घात होतो.

छऱ्यांचेही तसेच. पाणपक्ष्यांना शिशाची बाधा होते म्हणून अमेरिकेने 1991 पासून त्यांच्या शिकारीत शिसे बंद केले. पर्याय पोलादाचा आला, तो जुन्या मऊ नळीला ओरखडतो. मग जुन्या बंदुकांचे शौकीन बिस्मथकडे वळले. ते मऊ, पोलादाहून जड, पण महाग. विलायतेतले हे हौशी लोक आजही बंदुकीचे वय पाहून कवच, केप, दारू, बूच जुळवत बसतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तो मार्ग भावाला बंद.

मी त्याला हे सगळे तासभर सांगितले. त्याने एकच प्रश्न विचारला, "मग बाबांनी तोलून भरली असती तर?" मी म्हटले, "त्या नळीला तीही सोसली असती की नाही, सांगता येत नाही."

निवडणुकीत सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या तेव्हा तीही गेली. परत आल्यावर त्याने ती दुकानदाराकडे निकामी करायला नेली. रानडुकरांसाठी तो आता कुळागरात सुतळी बॉम्ब लावतो. डुकरे दोन दिवस येत नाहीत, तिसऱ्या दिवशी येतात.