ड्रिल शाबूत, बॅटरी खलास

सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीच्या पिशवीत अनेकदा एक मुकं ड्रिल मशीन सापडतं. मोटर ठणठणीत, चक घट्ट, गिअरचा आवाज नाही, पण मशीन चालत नाही. बॅटरी गेलेली असते. त्या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, आणि आलीच तर तिच्या किमतीत थोडी भर घालून नवीन ड्रिल मिळतं. मग चांगलं मशीन भंगारात जातं. हे असं का व्हावं, याचं उत्तर शोधायला साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

वायरवाल्या ड्रिलला ही कटकट नव्हती. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ साली मिळालं. या जातीच्या मशीनचे कार्बन ब्रश झिजले की बदलायचे, वायर तुटली की नवी लावायची. वडिलांचं मशीन मुलगा वापरायचा. मग १९६१ मध्ये याच कंपनीने पहिलं बिनवायरचं ड्रिल बाजारात आणलं. आधीच्या तुलनेत ते फारच अशक्त होतं, पण वीज न पोचलेल्या जागी भोक पाडता येत होतं. त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नसावं: दीर्घायुषी यंत्राचं एका अल्पायुषी जिनसेशी लग्न लागलं.

(जाता जाता: कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधलं, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. ते खरं नाही. ब्लॅक अँड डेकरने चंद्रावरच्या मातीचे नमुने काढणाऱ्या ड्रिलवर काम केलं, आणि अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी ते १९७१ मध्ये वापरलंही. पण बिनवायरचं ड्रिल दुकानात त्याच्या दहा वर्षं आधीच आलं होतं. शिवाय चंद्रावरच्या बॅटरीला काही दिवसच काम करायचं होतं. मिस्त्रीची बॅटरी रोज राबते.)

त्या पहिल्या ड्रिलमधले सेल निकेल-कॅडमियमचे होते. ही जोडी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये जमवली होती. पुढे १९४० च्या दशकात सेल पूर्ण बंदिस्त करता येऊ लागले, तेव्हा ते हातातल्या यंत्रात बसवण्याजोगे झाले. ते एकदम मोठा करंट देत, थंडीत चालत, आडदांड वापर सोसत. पण एक सेल देतो फक्त १.२ व्होल्ट. म्हणजे १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पंधरा सेल एकामागोमाग जोडलेले. ते सगळे एकसारखे म्हातारे होत नाहीत. एखादा आधी रिकामा होतो, तरी बाकीचे चौदा त्याच्यातून करंट ढकलत राहतात. मग तो सेल उलटा चार्ज होऊ लागतो आणि आतून खराब होतो. पॅक मेला असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्यातले दोन-तीन सेलच मेलेले असतात.

दोष मात्र गेला ‘मेमरी’ला. बॅटरी अर्धवट उतरलेली असताना चार्ज केली तर ती तेवढंच लक्षात ठेवते, अशी समजूत पसरली. हा परिणाम मुळात उपग्रहांच्या बॅटऱ्यांसंदर्भात सांगितला जातो. तिथे प्रत्येक प्रदक्षिणेत बॅटरी नेमकी तेवढीच उतरते आणि तेवढीच भरते. सुताराच्या हातात असा काटेकोरपणा कुठून येणार? त्याच्या बॅटऱ्या मारल्या त्या रात्रभर चालू राहिलेल्या साध्या चार्जरने, उष्णतेने, आणि ‘पूर्ण उतरवूनच चार्ज कर’ या सल्ल्याने. शेवटचा दम निघेपर्यंत ट्रिगर दाबून धरणं म्हणजे त्या कमजोर सेलला उलटं चार्ज करणंच. हाच सल्ला पुढे आपल्या फोनपर्यंत आला. लिथियमला तर तो आणखी घातक आहे.

मेलेल्या पॅकचं पुढे काय झालं, हा या इतिहासातला अंधारा भाग. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीकाठी खाणीतून आलेलं कॅडमियम पाण्यातून भातशेतीत उतरलं. तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः मध्यमवयीन बायकांची, मूत्रपिंडं बिघडली, हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली. रोगाचं नाव पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. कॅडमियम हेच त्याचं कारण असल्याचं जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं. ते बॅटरीचं कॅडमियम नव्हतं, हे खरं. पण उकिरड्यावर फुटलेल्या सेलमधलं कॅडमियमही तोच धातू. तरीही युरोपीय संघाने २००६ मध्ये छोट्या बॅटऱ्यांतल्या कॅडमियमवर बंदी घातली, तेव्हा कॉर्डलेस अवजारांना सूट दिली. ती सूट २०१६ च्या अखेरीस संपली. दहा वर्षं म्हणजे पॅकच्या दोन-तीन पिढ्या. माझ्या मते एवढी मुदत पर्याय शोधण्यासाठी लागत नव्हती, कारण पर्याय तोवर दुकानात आला होता.

तो पर्याय लिथियम-आयन. सोनीने हे सेल १९९१ मध्ये बाजारात आणले. २००५ च्या सुमारास मिलवॉकी आणि मकिता यांनी ते अवजारांत घातले. एक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणून १८ व्होल्टला पंधराऐवजी पाच पुरले. (ऑनलाइन दिसणारं ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणजेही हेच पाच सेल. काठोकाठ भरल्यावर, काम सुरू होण्याआधी मोजलेला आकडा तेवढा मोठा.) वजन उतरलं, ताकद वाढली. पण हे सेल नुसते पडूनही म्हातारे होतात, आणि पूर्ण भरून तापलेल्या गाडीत ठेवले तर लवकर. वापर नसेल तर साधारण अर्धे भरून सावलीत ठेवलेले बरे. पार उतरलेला पॅक महिनोन्महिने पडून राहिला तर चार्जर लाल दिवा लुकलुकवून त्याला नाकारतो. हा खोडसाळपणा नव्हे: खोलवर उतरलेल्या सेलमध्ये तांबं विरघळतं आणि चार्ज करताना आत शॉर्ट होऊ शकतो. फुगलेला पॅक तर उघडूच नये.

खोडसाळपणा दुसरीकडे आहे. प्रत्येक कंपनीने पॅकची खाच वेगळी ठेवली. आतले गोल सेल बहुतेक वेळा एकाच मापाचे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, पण बाहेरचं प्लास्टिक एकमेकांत बसत नाही. एकदा एका रंगाचं ड्रिल घेतलं की ग्राइंडर आणि करवतही त्याच रंगाची घ्यावी लागते. रसायन बदललं तेव्हा बहुतेकांनी खाचही बदलली आणि धडधाकट निकेल-कॅडमियम ड्रिलं अनाथ झाली. डीवॉल्टने जुन्या १८ व्होल्टच्या ड्रिलवर नवा लिथियम पॅक बसवणारा अडॅप्टर काढला, म्हणजे करायचं ठरवलं तर जमत होतं.

आपल्याकडे २००१ चे बॅटरी नियम फक्त शिसे-आम्लाच्या, म्हणजे गाडी-इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांपुरते होते. हातातल्या अवजारांचे पॅक भंगारवाल्याकडे गेले. ऑगस्ट २०२२ च्या नव्या नियमांनी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. गल्लीतल्या मिस्त्रीपर्यंत मात्र अजून स्पॉट-वेल्डिंगवालाच पोचलाय. तो पॅक उघडतो, निकेलच्या पट्ट्या सोडवतो, नवे सेल जोडतो. सेल अस्सल आणि जास्त करंट देणारे असतील तर पॅक पुन्हा काही वर्षं चालतो. टॉर्चमधून काढलेले असतील तर पहिल्याच जाड स्क्रूला तापतो.

आणि ज्यांना तेही नको, ते मेलेल्या पॅकचं कवच पोकळ करतात, त्यातून वायर काढतात आणि १२ व्होल्टचं जुनं ड्रिल सरळ गाडीच्या बॅटरीला जोडतात. वायर जाड आणि आखूड घ्यायची, नाहीतर अर्धी ताकद वाटेतच जाते. आणि बॅटरीच्या टोकाजवळ फ्यूज हवाच.