आवासदान आणि ओनागावाची घरे

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आहार, औषध व उपकरण यांच्या जोडीला आवासदान सांगितले आहे. तेथील संदर्भ मुनिजनांच्या सेवेचा असला, तरी त्यातील भाव निराश्रितांनाही लागू पडतो. मात्र असा आसरा कसा असावा, याचा बोलका दाखला जपानच्या अलीकडील इतिहासात सापडतो.

११ मार्च २०११ रोजीच्या त्सुनामीने मियागी प्रांतातील ओनागावा हे सुमारे १० हजार वस्तीचे मासेमारी बंदर उद्ध्वस्त केले. ८०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. डोंगर व समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या या गावी तात्पुरत्या घरांसाठी पुरेशी सपाट जागाच नव्हती. तेव्हा वास्तुविशारद शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर मालवाहू कंटेनर बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक रचून दुमजली व तिमजली इमारती उभ्या केल्या. कंटेनरांत न्हाणीघर व मुलांच्या खोल्या, तर मधल्या मोकळ्या जागेत उजेडाची बैठक, अशी ही योजना होती. १८९ कुटुंबांची सोय झाली. सामान ठेवण्याची अडचण ओळखून स्वयंसेवकांनी घरोघरी कपाटे बसवली. रहिवाशांना एकत्र येता यावे म्हणून बाजाराचा मंडपही उभारला गेला.

याच बान यांनी २००१ च्या भूकंपानंतर भूज येथे कागदी नळ्यांचे घर उभारताना पडक्या वास्तूंचा राडारोडा पायात वापरला होता.

‘तात्पुरत्या’ घरांत आपद्ग्रस्तांची अनेक वर्षे जातात. म्हणूनच छप्परासोबत एकांत, उजेड आणि शेजार देणे, हेच आवासदानाचे खरे सार होय.